ब्लॅक सिक्सचा कुलवृत्तांत : हरवलेल्या पाच तुकड्यांचं प्रकरण

आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये प्रत्येक पिंजऱ्याला पुढून एक कार्ड खोचलेलं असतं. जात, लिंग, जन्मतारीख, आईबापाच्या पिंजऱ्याचा नंबर आणि प्रयोग करणाऱ्याचं नाव. जातीच्या रकान्यात निम्म्याहून जास्त कार्डांवर बॉलपेनने 'बी-सिक्स' एवढंच लिहिलेलं. काळा, तुकतुकीत उंदीर. झाकण उचललं की कोपऱ्यात दडणारा आणि नवख्या हाताला चावायला मागेपुढे न पाहणारा. जगभरच्या प्रयोगशाळांत सगळ्यात जास्त वापरला जातो तो हाच. पूर्ण नाव सी५७बीएल/६, बोलीभाषेत 'ब्लॅक सिक्स'.

(माऊस आणि रॅट या दोन्हींना मराठीत उंदीरच म्हणतात, त्यामुळे आमच्याकडचे, उंदरांची देखभाल करणारे मामा सरळ 'माइस' आणि 'रॅट' म्हणतात. या लेखातला उंदीर म्हणजे माइस.)

या नावाच्या मागे एक अक्षर लागतं, जे किंवा एन. कधी त्याच्याही मागे आणखी दोन-तीन अक्षरं लागतात. लोक ती गाळतात. गाळलेल्या त्या एका अक्षरामुळे मधुमेहापासून यकृतापर्यंतच्या संशोधनात काय घोळ झाला आणि तो कसा उलगडला, त्याचं हे प्रकरण. यात कोणी लबाडी केलेली नाही. सगळ्यांनी एकमेकांना मनापासून उंदीर दिले आणि घेतले. घोळाची सुरुवातही तिथूनच झाली.

मूळ पुरुष आणि दोन घराणी

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅन्बी नावाचं गाव आहे. तिथे ॲबी लॅथ्रॉप नावाच्या माजी शाळामास्तरीण बाई हौशी लोकांसाठी उंदीर पाळून विकत असत. रंगीबेरंगी, नाचरे, पांढरेशुभ्र, हवे तसे. पुढे शास्त्रज्ञही त्यांचे गिऱ्हाईक झाले. त्यांच्याकडून आलेल्या उंदरांमधल्या ५७ नंबरच्या मादीपासून क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये एक वंश सुरू केला. सी५७ मधला ५७ तो हा. त्यातल्या काळ्यांचा बीएल, आणि पुढे वेगळ्या झालेल्या उपशाखांपैकी सहावी, म्हणून ६.

लिटल यांनी १९२९ मध्ये मेन राज्यातल्या बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी जॅक्सन लॅबोरेटरी काढली. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये त्या बेटावर वणवा पेटला. संस्था जळाली, उंदीरही गेले. पण तोवर इथले वंश ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत पोचलेले होते. त्या प्रयोगशाळांनी आपापल्याकडच्या जोड्या परत पाठवल्या आणि संस्था पुन्हा उभी राहिली. 'आपलं वाटून ठेवलं की बुडत नाही' हा धडा उंदीरवाल्यांनी तेव्हाच गिरवला. वाटून ठेवलेलं हळूहळू बदलतं, हे समजायला मात्र आणखी पन्नास-साठ वर्षं गेली.

१९५१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, बार हार्बरहून ब्लॅक सिक्सच्या जोड्या नेल्या. बार हार्बरला राहिले ते 'जे', एनआयएचला गेले ते 'एन'. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात असतं ना, एक भाऊ मूळ गावी राहिला, दुसरा नोकरीनिमित्त देशावर गेला, आडनाव एकच, तसंच हे. पुढे एनआयएचच्या घराण्यातून व्यापारी पैदासकारांनी जोड्या नेल्या, तिथे आणखी पोटशाखा झाल्या आणि नावामागे त्यांची अक्षरं लागत गेली. दोन शाखा वेगळ्या होऊन एकूण वीस पिढ्या झाल्या की त्यांना वेगळी सबस्ट्रेन म्हणायचं, असा या क्षेत्रातला नियम आहे. नावं देण्याची ही पद्धत फार काटेकोर आहे. वापरणारे तितके काटेकोर नाहीत, एवढंच.

चारातली एक प्रत

इथे थोडं थांबू, कारण सगळं प्रकरण या हिशोबावर उभं आहे.

असे वंश सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या लावून राखले जातात. वीस पिढ्या असं केलं की सगळे उंदीर जवळपास जुळ्यांसारखे होतात, आणि हवे असतात ते तसेच. आता एका पिल्लाच्या एखाद्या जीनमध्ये नवी चूक झाली समजा. अशा चुका होतच असतात, प्रत्येक पिढीत होतात. ते पिल्लू पुढच्या पैदाशीसाठी निवडलं गेलं, तर त्या जोडीत या जीनच्या एकूण चार प्रती आहेत, दोन नराच्या आणि दोन मादीच्या. त्यातली एक चुकीची. उंदराच्या जगण्यात ती चूक आड येत नसेल, तर काही पिढ्यांत ती एक तर पुसली जाते किंवा चारही प्रतींवर चढून कायमची बसते. पुसली जाण्याची शक्यता चारात तीन, बसण्याची चारात एक. चारात एक हे प्रमाण मुळीच लहान नाही.

त्यात उंदराची पिढी केवढी? गर्भारपण तीन आठवड्यांचं, दूध तोडायला आणखी तीन आठवडे, आणि सहा ते आठ आठवड्यांत पिल्लू वयात येतं. वर्षाला तीन पिढ्या सहज. शिवकाळापासून आपल्यापर्यंत माणसाच्या जेमतेम चौदा-पंधरा पिढ्या झाल्या असतील. १९५१ ते २००५ या काळात ब्लॅक सिक्सच्या दीडशेहून जास्त झाल्या. जे आणि एन यांना 'चुलत' म्हणायचं ते केवळ सवयीने.

चूक कुठे झाली यालाही महत्त्व आहे. मोठ्या पैदास केंद्रात उतरंड असते. वरती मोजक्या जोड्यांचा मूळ साठा, त्याखाली संख्या वाढवणारी फळी, आणि तळाशी विक्रीसाठीचे हजारो. चूक तळाशी झाली तर त्या पिंजऱ्याबरोबर संपते. वरच्या चार-दोन जोड्यांत झाली, तर काही वर्षांत जगभर पोचते.

हारवेलचा शोध

आता मूळ प्रकरण. ६जे, म्हणजे जे घराण्याच्या, उंदरांना साखर टोचली की ती रक्तातून लवकर उतरत नाही, हे १९८०च्या दशकापासून माहीत होतं. चरबीयुक्त खाणं दिलं की ते गुबगुबीत होतात आणि त्यांची साखर चढते. मधुमेहावर काम करणाऱ्यांना हेच हवं होतं. हा गुण काळ्या उंदराचा 'स्वभाव' म्हणून सगळ्यांनी मान्य केला आणि त्यावर कामं उभी राहिली.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ हारवेल इथे रॉजर कॉक्स यांच्या गटाने या स्वभावाचं मूळ शोधायचं ठरवलं. त्यांनी ६जे आणि सी३एच या दोन जातींचा संकर केला, नातवंडांची साखर मोजली आणि कोणत्या गुणसूत्राचा कोणता भाग साखरेबरोबर फिरतो ते पाहिलं. खुणा सापडल्या त्यातली एक १३व्या गुणसूत्रावर होती. त्या पट्ट्यातले जीन एकेक करून तपासताना एनएनटी नावाच्या जीनपाशी गाडी अडली. ६जे उंदराच्या यकृतात या जीनचं वाचन, म्हणजे त्यावरून काम होण्याचं प्रमाण, दुसऱ्या जातीच्या मानाने सातपटीहून कमी होतं आणि इन्सुलिन करणाऱ्या पेशींच्या बेटांत पाचपटीहून कमी. जवळून पाहिलं तर जीनचा मधला भागच गायब. सातव्यापासून अकराव्यापर्यंतचे पाच तुकडे, म्हणजे पाच एक्झॉन, डीएनएच्या सुमारे १७,८०० अक्षरांसकट गेलेले. ही माहिती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली.

मला या गोष्टीतला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो असा. उंदराच्या जीनोमचा पहिला मसुदा डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झाला होता. तो कोणाचा होता? एका ६जे मादीचा. ज्या प्रतीशी ताडून बाकी सगळ्या उंदरांत काय कमी-जास्त आहे ते ठरवायचं, त्या प्रतीतच ही पानं नव्हती. नुसता संदर्भ-जीनोम उघडून बसणाऱ्याला इथे काही गहाळ आहे असं दिसणारच नव्हतं. ते कळायला दुसऱ्या घरचा उंदीर शेजारी ठेवावा लागला.

पुढच्याच वर्षी त्याच गटाने उलटा पुरावा दिला. धडधाकट एनएनटी जीन ६जे उंदरात घातला, तेव्हा इन्सुलिनचा स्राव आणि साखर पचवण्याची ताकद सुधारली. म्हणजे 'स्वभावा'चा निदान एक भाग ही एक मोडकी प्रत होती.

चूक केव्हा झाली असेल, हे शोधायलाही कुलवृत्तांतच कामी आला. एनकडे जीन शाबूत आहे, म्हणजे १९५१ नंतरची गोष्ट. बार हार्बरमध्येच १९७६ मध्ये वेगळी काढलेली एक पोटशाखा आहे, तिच्याकडेही तो शाबूत आहे. म्हणजे मुख्य घराण्यात चूक पक्की बसली ती त्यानंतर. कोणत्या शाखेला कोणत्या साली वेगळं काढलं याच्या वह्या कोणीतरी नीट ठेवल्या होत्या, म्हणून इतकं सांगता येतं. त्या वह्या लिहिणाऱ्यांचं नाव कोणत्याही शोधनिबंधात नसतं.

हा जीन करतो काय

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात एनएनटीने बनणारं एन्झाइम बसलेलं असतं. धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर जनित्र फिरावं, तसं ते पडद्याच्या एका बाजूने दुसरीकडे वाहणाऱ्या प्रोटॉनच्या जोरावर काम करतं आणि एनएडीपीएच नावाचा रेणू तयार करतं. मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार होताना जी रासायनिक ठिणगी उडते, ती विझवणाऱ्या ग्लुटाथायोनला पुन्हा ताजं करायला हा एनएडीपीएच लागतो. तो करणारी आणखीही एन्झाइमं आहेत, म्हणून एनएनटी नसलेला उंदीर मरत नाही, आजारीही दिसत नाही. पिंजऱ्यात छान खेळतो, पिल्लं घालतो. म्हणूनच ती चूक इतकी वर्षं कोणाच्या डोळ्यावर आली नाही.

ताण आला की मात्र फरक दिसतो. सॉड२ हा ठिणग्या विझवणारा दुसरा एक जीन. तो काढलेली पिल्लं कोणत्या वंशात किती दिवस जगतात यात मोठा फरक पडतो, हे जुनंच कोडं होतं. २००६ मध्ये त्या कोड्याची एक किल्ली एनएनटीच निघाली. ज्या घराण्यात एक पहारेकरी आधीच गैरहजर आहे, तिथून दुसरा काढला की घर लवकर कोसळतं.

२०१२ मध्ये तर उलट दिशेने निरोप आला. काही कुटुंबांतल्या मुलांमध्ये मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल पुरेसं बनवत नाहीत. लंडनच्या एका गटाला अशा मुलांमध्ये एनएनटी बिघडलेला सापडला. त्यांना उंदराचं मॉडेल बनवायची गरजच पडली नाही, ते बाजारात तयार होतं. ६जे आणि ६एन शेजारी ठेवले, तर ६जेच्या ॲड्रिनलमध्ये पेशींची मांडणी विस्कटलेली आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरातलं कॉर्टिसॉलच्या जागचं हार्मोन) कमी. आता विचार करा, उंदरांमधल्या 'ताणाच्या हार्मोन'वर किती प्रयोग याच ६जेवर झाले असतील.

तापाची गोळी आणि चुकीचा शेजारी

इथवरच्या गोष्टीत एक कमी असलेला उंदीर आहे, एवढंच. खरं प्रकरण पिकलं ते दोन्ही घराणी एका तक्त्यात शेजारी बसवली गेली तेव्हा.

पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृताला इजा होते. नेमकी कशी, यावर उंदरांत भरपूर काम झालं आहे, कारण माणसातली इजा आणि उंदरातली इजा बरीच सारखी असते. पेशीत जेएनके नावाचे संदेशवाहक असतात. त्यातला जेएनके२ या इजेत काय करतो? बेथेस्डाच्या एनआयएचमधल्या एका गटाने जेएनके२ काढलेले उंदीर घेतले, शेजारी साधे ब्लॅक सिक्स ठेवले, औषध दिलं आणि २००८ मध्ये लिहिलं की जेएनके२ यकृताचं रक्षण करतो. इतर गटांचे निकाल याच्याशी जुळेनात. कोणी म्हणे काही फरक नाही, कोणी म्हणे उलटंच आहे.

पुढे त्या गटाने स्वतःच मागे जाऊन तपासलं. नॉकआउट, म्हणजे जीन काढलेले, उंदीर एका घराण्याचे होते आणि तुलनेला घेतलेले साधे उंदीर दुसऱ्या घराण्याचे. दोन्ही ब्लॅक सिक्स, दोन्ही काळे. त्यांनी जे मोजलं होतं त्यात जेएनके२ असण्या-नसण्याबरोबर जे आणि एन यांच्यातला सगळा फरक मिसळलेला होता. २०११ मध्ये त्यांनी हे छापलं, आणि निबंधाच्या नावातच लिहिलं की सबस्ट्रेनची जोडी चुकली तर निकाल दिशाभूल करतात, जसे आमच्या जेएनके२च्या कामात झाले. आपल्या चुकीला शीर्षकात जागा देणारे लोक कमी असतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना तो निबंध याच एका कारणासाठी वाचायला लावते.

इथे एक फसवी सोपी गोष्ट डोक्यात येते. ६जेकडे एनएनटी नाही, ग्लुटाथायोन ताजं होत नाही, म्हणून पॅरासिटामॉलचा फटका त्यालाच जास्त बसत असणार. २०१६ मध्ये एका गटाने दोन्ही घराण्यांना किलोमागे २०० मिलिग्रॅम असा सारखाच डोस देऊन पाहिलं. जास्त इजा झाली ती ६एनला. म्हणजे एनएनटी शाबूत असलेलाच जास्त मार खातो. दोन घराण्यांत एनएनटीखेरीज इतर फरकही आहेत, आणि कोणता फरक कुठे काय करतो हे आधी ओळखता येत नाही. हृदयाचंही तसंच आहे. हृदयावर दाब वाढवला तर एनएनटी असलेला ६एन जास्त खचतो आणि नसलेला ६जे तग धरतो, असं २०१५ च्या एका कामात दिसलं. गुबगुबीतपणाचं म्हणाल, तर चरबीयुक्त खाण्यावर दोन्ही घराणी जाड होतात. त्यामुळे 'एनएनटी गेला म्हणून मधुमेह' असं एका ओळीत सांगणाऱ्यापासून सावध राहावं. त्या ओळीने मीही एकेकाळी भाषणं केली आहेत.

दुसऱ्या घरचंही काही खरं नाही

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग एनच वापरा. पण त्यांच्या वाटणीलाही काही आलेलं आहे. सीआरबी१ या जीनमध्ये एका अक्षराची गळती, तिला आरडी८ म्हणतात. त्यामुळे दृष्टिपटलावर खालच्या बाजूला पांढरट डाग पडतात. ही गळती वेगवेगळ्या पैदासकारांच्या ६एन उंदरांत आणि ६एनपासून बनवलेल्या मूळपेशींतही आहे, हे २०१२ मध्ये स्पष्ट झालं. वयोमानाने दृष्टी जाण्यावर काम करणाऱ्या लोकांच्या पोटात गोळा आला, कारण ज्या डागांना ते रोग समजत होते, त्यातले काही वंशातून आलेले होते. वर्षभरात ६एनमधला आणखी एक बदल सापडला, सायफिप२ जीनमधला. त्यामुळे कोकेन दिल्यावर ६एन आणि ६जे वेगळे वागतात.

यात आणखी एक गुंता. उंदराचा प्रत्येक जीन एकेक करून बंद करायचा, आणि त्या पेशी व उंदीर सगळ्यांसाठी खुले ठेवायचे, असा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००७ पासून चालला. सामायिक साठ्याचं यापेक्षा मोठं काम या क्षेत्रात झालेलं नाही. त्यासाठी मूळपेशी घेतल्या त्या ६एनच्या. मात्र संदर्भ-जीनोम ६जेचा, आणि बहुतेक प्रयोगशाळांत आधीपासून पाळलेले उंदीरही ६जेचे. म्हणजे साठ्यातून नॉकआउट मागवला, तो घरच्या ६जेशी लावला, की पिल्लांमध्ये दोन्ही घराण्यांचे पत्ते पिसले जातात. एकाच वेतातली नॉकआउट आणि साधी भावंडं तुलनेला घेतली तर बरंचसं निभावतं. पण तुमचा जीन १३व्या गुणसूत्रावर एनएनटीच्या शेजारीच असेल, तर शेजारी शेजाऱ्याला घेऊनच येतो. नॉकआउट पिल्लाकडे एनचा एनएनटी, साध्याकडे जेचा. कितीही भावंडं घ्या, ती तुलना साफ होत नाही.

आणि हे फक्त दोन घराण्यांपुरतं नाही. युरोपातल्या एका व्यापारी पोटशाखेत आल्फा-सिन्युक्लीनचा जीनच उडालेला असल्याचं २००१ मध्येच उघड झालं होतं. पार्किन्सनच्या संशोधनात ज्या प्रथिनावर सगळ्यांचे डोळे, तेच या उंदरात नाही, आणि कार्डावर नाव मात्र ब्लॅक सिक्स.

दुरुस्त का केला नाही

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. चूक कळली, जीन परत घालता येतो, मग बार हार्बरने आपला उंदीर दुरुस्त का केला नाही?

माझ्या मते न करणंच बरोबर होतं. ६जेवर दशकांचं काम झालेलं आहे आणि संदर्भ-जीनोमही त्याचाच. तो बदलला तर उद्याचा ६जे कालच्या ६जेशी ताडता येणार नाही. मोडकी असली तरी तीच मोजपट्टी राहू द्यावी, आणि ती कुठे मोडली आहे ते सगळ्यांना सांगावं. तसंच झालं. ६जेच्या माहितीत एनएनटीची नोंद आहे आणि शाबूत जीनवाला ६एनजे, म्हणजे जॅक्सनने पाळलेला एन, तोही तिथेच मिळतो. मागणीच्या अर्जावर ०००६६४ लिहिलं की ६जे येतो, ००५३०४ लिहिलं की ६एनजे. सहा आकड्यांत वंशावळ.

दुसरं काम जास्त मोलाचं. चुका थांबवता येत नाहीत, पण घड्याळ थांबवता येतं. जॅक्सनने ६जेच्या एका निवडक जोडीच्या वंशातले भ्रूण मोठ्या संख्येने गोठवून ठेवले. त्या जोडीला त्यांनी ॲडम आणि ईव्ह म्हटलं. दर पाच पिढ्यांनी मूळ साठा त्या गोठवलेल्या भ्रूणांतून नव्याने उभा करतात, त्यामुळे वरच्या फळीत चुका साठायला वेळच मिळत नाही. त्या ईव्हचा संपूर्ण जीनोम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतली विद्यापीठांची साठाकेंद्रं, युरोपातलं जाळं, जपानमध्ये त्सुकुबाचं रिकेन केंद्र, ही सगळी आता मुख्यतः गोठवलेलं वीर्य आणि भ्रूण सांभाळतात. जिवंत उंदीर खातो, पितो आणि बदलतो. द्रव नायट्रोजनमधला भ्रूण यातलं काहीच करत नाही.

आपल्याकडे

मुंबईत परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये स्वतंत्र भारताच्या सुरुवातीच्या दशकांत उंदराचा एक देशी वंश घडवला गेला. संस्थेच्याच नावाने आयसीआरसी म्हणून तो ओळखला गेला. त्या वंशात स्तनांच्या गाठी मोठ्या प्रमाणावर होतात. डॉ. कमल रणदिवे यांच्या पिढीने स्तनाच्या कर्करोगावर उंदरांत जे काम केलं, त्यामागे असे वंश पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावून राखण्याची चिकाटी होती. आपल्याला वंश राखता येत नाही, असं मुळीच नाही.

पण रोजचा व्यवहार वेगळा असतो. परदेशातून जोडी मागवायची म्हणजे परवाने, विमानभाडं, विलगीकरण, आणि महिने. त्यापेक्षा ओळखीच्या प्रयोगशाळेत फोन करायचा. 'अहो, दोन जोड्या द्या ना.' तेही देतात, आणि का देऊ नयेत? प्रवासाच्या डब्यात कोंडा, बटाट्याचे काप आणि चार काळे उंदीर. डब्यावर लिहिलेलं असतं 'बी-सिक्स'.

आमच्याकडे मांडणी क्रमांक तीनवरची कॉलनी अशीच एका संस्थेतून आली होती, मी रुजू व्हायच्या आधी. एका विद्यार्थिनीचे साखरेचे आकडे वर्षभर काही केल्या एकत्र येईनात. एकाच गटातल्या पाच उंदरांत दोघांची साखर दोन तासांत खाली, तिघांची वरच. तिने ग्लुकोमीटर बदलला, उपाशी ठेवण्याचे तास बदलले, सुई मारणारा हातही बदलला. शेवटी एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, हे उंदीर जे आहेत की एन?"

मी मामांना विचारलं. मामा चोवीस वर्षं या खोलीत आहेत. म्हणाले, "काळे ते काळेच की मॅडम. आले तेव्हाही काळेच होते."

आम्ही बारा शेपट्यांची टोकं घेतली आणि तीन प्रायमरची पीसीआर, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून पाहण्याची चाचणी, लावली. या चाचणीत शाबूत जीनची पट्टी एका उंचीवर येते, पाच तुकडे गेलेल्याची दुसऱ्या उंचीवर. जेलवर नजर टाकली तेव्हा आधी वाटलं की काहीतरी सांडलंय. काही रांगांत वरची पट्टी, काहींत खालची, आणि पाच रांगांत दोन्ही. म्हणजे आमच्याकडे ना जे होता, ना एन. कधीतरी कोणीतरी मांडणी तीनमधल्या माद्या कमी पडल्या म्हणून दुसरीकडचा काळा नर आणून लावला होता. तेव्हाच्या पैदास रजिस्टरात त्या आठवड्याचं पान आहे. पिल्लांची संख्या लिहिलेली आहे. नर कुठला, ते नाही.

विद्यार्थिनी रडली नाही. तिने जुने आकडे काढले आणि ज्या उंदरांच्या शेपट्या फ्रीजरमध्ये होत्या त्यांची चाचणी लावून गट पुन्हा पाडले. सगळे गोंधळ मिटले नाहीत, पण तीन ढीग वेगळे दिसायला लागले. मांडणी तीन आम्ही रिकामी केली. नवीन जोड्या मागवायला जो वेळ लागतो तो लागला, आणि त्या काळात तिने प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहून काढलं.

नवे उंदीर आले तेव्हा मी मामांना म्हटलं, आता जातीच्या रकान्यात पूर्ण नाव लिहायचं, शेवटच्या अक्षरापर्यंत. शिवाय कुठून आले ती जागा, आल्याची तारीख आणि आपल्याकडची कितवी पिढी, तेही. मामांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. रकाना दीड इंचाचा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड आडवं धरलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली.